भिंतीपलीकडचा डास

माझ्या खोलीत घड्याळाला बंदी होती, आणि ती बंदी मीच घातलेली होती. भिंतीवरचं, टेबलावरचं, मनगटावरचं, कुठलंही घड्याळ दाराबाहेर; फोन आणि पंख्याने घरघरणारा कॉम्प्युटरही. मी अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते आणि माझा माइक एक नंबरचा चोंबडा आहे. मला भूक लागली की माझ्याआधी तो जगाला कळवतो. मग टिकटिक काय सोडणार?

खोली तशी लहानच. भिंतींना जुन्या रजया टांगलेल्या, कपड्यांचं कपाट मुद्दाम सताड उघडं, म्हणजे आवाज घुमत नाही. टेबल, माइक, पुस्तक आणि मी. अडचण एकच होती. आमच्या वरच्या मजल्यावरची बाई दुपारी चार वाजता कपडे धुण्याचं मशीन लावते. चार म्हणजे चार. त्या मशीनला पिळायची वेळ आली की आमच्या खिडकीच्या काचा बोलायला लागतात. घड्याळ नसल्यामुळे मी नेमकी शेवटच्या पानावर पकडली जायची आणि सगळं प्रकरण दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. तिला काही बोलायची सोय नाही, चार मुलं आहेत बिचारीला.

"मी करून देतो घड्याळ," आमचे लिफ्टवाले म्हणाले. "काटे नाहीत, टिकटिक नाही. उजेडाचे आकडे."

लिफ्टवाले म्हणजे माझे यजमान. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि आता निवृत्त होऊन घर दुरुस्त करतात. घर आधी नीट होतं. त्यांनी झाडांना आपोआप पाणी घालणारं यंत्र केलं, त्याने खालच्यांच्या गाद्या भिजवल्या. त्यांनी बोलणारी दारावरची घंटा केली, ती पाहुण्यांना "दरवाजा बंद होत आहे" असं सांगायची. त्या सगळ्या वस्तू आता माळ्यावर आहेत.

"आवाज आला तर सरळ माळ्यावर," मी बजावलं.

"आला तर ना!"

तोंडाने मी बजावलं खरं, पण हे घड्याळ माळ्यावर जाऊ नये असं त्यांच्यापेक्षा मलाच जास्त वाटत होतं. एक तर प्रत्येक वस्तू वर गेली की त्यांची मान थोडी खाली जायची आणि दोन-तीन दिवस ते माझ्याकडे कामं मागत फिरायचे. दुसरं म्हणजे त्या आकड्यांशी माझीही ओळख होती.

लग्नाआधी मी एका उंच इमारतीत टायपिस्ट होते. तिथल्या लिफ्टमध्ये मजल्याचा आकडा काचेच्या नळीत उजळायचा. निक्सी नळी म्हणतात तिला. आत बारीक तारेचे आकडे एकामागे एक उभे असतात आणि ज्याला वीज मिळेल तो आकडा नारिंगी रंगाने पेटतो. एकदा ती लिफ्ट मला घेऊन मध्येच अडकली. मी एकटी, हातात वर्तमानपत्र आणि समोर पेटलेला सहाचा आकडा. मी ओरडले, "अहो लिफ्टवाले!" वरून, अगदी आभाळातून आल्यासारखा आवाज आला, "घाबरू नका, मी वर आहे. काहीतरी बोलत राहा, म्हणजे तुम्ही ठीक आहात हे मला कळेल." अनोळखी माणसाशी काय बोलणार? मी वर्तमानपत्र वाचायला घेतलं. बातम्या झाल्या, अग्रलेख झाला, हवामान झालं, शेवटी जुने सोफे विकणाऱ्यांच्या जाहिरातीसुद्धा वाचल्या. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी या गृहस्थांनी कबूल केलं की लिफ्ट अग्रलेखाच्या आधीच दुरुस्त झाली होती.

ती इमारत पाडली तेव्हा त्यांनी चार नळ्या मागून आणल्या आणि लोकरीच्या मोज्यात गुंडाळून ठेवल्या. त्याच आता मोज्यातून बाहेर आल्या.

खरं काम नळ्यांचं नव्हतंच, त्यांना चालवणाऱ्या विजेचं होतं. या नळ्या जुन्या घराण्यातल्या, फोनच्या चार्जरवर पेटत नाहीत. त्यांना एकशे सत्तर व्होल्ट लागतात, तेही एकाच दिशेने वाहणारे. घरातली वीज थेट लावली तर घड्याळ पेटेल की माणूस, सांगता येत नाही. म्हणून मध्ये एक पॉवर सप्लाय हवा, आणि तो कुठला घ्यायचा यावर आमच्या घरात जे झालं ते आमच्या मुलीसाठी जावई निवडतानासुद्धा झालं नव्हतं.

पहिला सप्लाय म्हणजे काडेपेटीएवढी एक तयार पट्टी. एका बाजूने बारा व्होल्ट घ्यायचे, दुसऱ्या बाजूने एकशे सत्तर काढायचे. लिफ्टवाल्यांनी डावा हात खिशात घातला. हा त्यांच्या धंद्यातला नियम. चालू विजेला हात लावायचा तर एकच हात पुढे, दुसरा खिशात, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून आरपार जात नाही. सवय इतकी हाडीमाशी खिळली आहे की फ्रिज उघडतानाही त्यांचा डावा हात खिशात असतो. तर एका हाताने त्यांनी बटण दाबलं आणि चारही नळ्या उजळल्या.

मी बघतच राहिले. तोच नारिंगी रंग! आकडा बदलताना पुढचा विझून मागचा पेटायचा, जणू कुणीतरी आतल्या आत एक पाऊल मागे सरकतंय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी कानात सुई शिरली.

"बंद करा, बंद करा!"

"काय झालं?"

"केवढा बारीक आवाज येतोय, चींऽऽ करून!"

लिफ्टवाल्यांनी कान लावला. मग दुसरा कान लावला. मग नळ्यांकडे, माझ्याकडे आणि छताकडे पाहिलं. "अगं, काही नाही. एकदम शांत आहे."

"शांत? डासाचं अख्खं खानदान बसलंय त्यात!"

"तुला वाचून वाचून भास होतात."

त्यांनी माझ्या समाधानासाठी पट्टीवरच्या तारेच्या गुंडाळीला मेण लावलं. मग वार्निश लावलं. मग दुसऱ्या दुकानातून दुसरी पट्टी आणली. दर वेळी बटण दाबून विजयी चेहऱ्याने म्हणायचे, "बघ, गेला!" आणि मी कानात बोटं घालून उभी. ते मला हट्टी म्हणाले, मी त्यांना बहिरे म्हणाले. तेव्हा ते मी भांडणात म्हणतात तसं म्हणाले होते.

मग माळ्यावरून एका जुन्या लिफ्टच्या पॅनेलमधला ट्रान्सफॉर्मर खाली आला. हा दुसरा सप्लाय. विटेएवढा आकार आणि वजन चार विटांचं. त्यात चीं नव्हती, पण घूंऽऽ होती. टेबल थरथरायचं, टेबलावरचा माइक थरथरायचा आणि माझ्या वाचनाला तंबोऱ्याची साथ मिळायची. हा आवाज मात्र लिफ्टवाल्यांना लगेच ऐकू आला. "छे, हा घुमतो," ते स्वतःच म्हणाले. "याच्या शेजारी माणूस झोपायचा नाही." मग त्याच्याखाली रबर, नारळाची काथी, माझी जुनी चप्पल असं सगळं घालून झालं. घूं हलली नाही.

तिसरा सप्लाय ऐकून मी हात टेकले. चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकींच्या डोक्यावर खटकन बसतात. तशा वीसएक बॅटऱ्यांची त्यांनी नागमोडी रांग केली आणि ती टेबलाच्या खणात झोपवली. बटण दाबलं. आकडे उजळले आणि काही म्हणजे काही आवाज नाही!

काय ते दोन दिवस होते! मी वाचत होते, समोर निखाऱ्यासारखे आकडे जळत होते, पावणेचारला मी आरामात प्रकरण संपवत होते आणि मशीन सुरू व्हायच्या आत चहा पीत होते. लिफ्टवाले दारातून डोकावून मिशीत हसायचे. तिसऱ्या दिवशी आकडे लाजायला लागले. आधी अर्धे पेटायचे, मग पाव, आणि जेवणाच्या वेळेला घड्याळाने मान टाकली. दर दोन दिवसांनी वीस बॅटऱ्या कोण आणणार? लिफ्टवाले म्हणाले, "हा काही सप्लाय नाही, हा तर पाहुणचार झाला."

म्हणून गाडी पुन्हा पट्टीवर आली, आणि भांडणही.

"ठीक आहे, तुला ऐकू येतो असं धरू," ते म्हणाले. "पण माइकला येत नाही. पैज."

पंच म्हणून आम्ही, माझी रेकॉर्डिंग जिथे जातात त्या केंद्रावरच्या कानसेनांना नेमलं. कानसेन हे मी ठेवलेलं नाव. आमची रेकॉर्डिंग तपासण्याचं काम ते करतात. ते स्वतः जन्मापासून अंध आहेत आणि मी पान उलटताना दोन पानं एकदम उलटली तरी त्यांना कळतं. पट्टी चालू ठेवून मी एक प्रकरण वाचलं आणि काही न सांगता पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी फोन आला. आम्ही तो मोठ्या आवाजात टेबलावर ठेवला.

"ताई, वाचन झकास," कानसेन म्हणाले. "पण तुमच्या खोलीत डास आहे. मारा बुवा त्याला. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत एका जागी बसून आहे."

मी जिंकले होते. विजयाने मान वर केली तर समोर लिफ्टवाल्यांचा चेहरा. मला माझ्या जिंकण्याचा राग आला.

ते माझ्या कॉम्प्युटरजवळ जाऊन बसले. रेकॉर्डिंगचं चित्र पडद्यावर दिसतं, खाली जाडे आवाज आणि वर बारीक. तळाशी माझ्या आवाजाचे जाडजूड पट्टे होते आणि पार वरती, केसाएवढी एक सरळ रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. "हा डास?"

"हो."

"एक शिट्टी लाव. खालून वर चढत जाणारी. ऐकू येईल तोवर मी हात वर ठेवतो."

मी लावली. शिट्टी चढत गेली. त्यांचा हात वर होता. अजून चढली. हात वर होता. मग तो हळूच खाली आला. शिट्टी तर चालूच होती, चढतच होती, माझे दात शिवशिवायला लागले होते.

"संपली?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," मी म्हणाले. "चालू आहे."

जन्मभर लिफ्टच्या वर, मशीन रूममध्ये मोटारींच्या शेजारी उभं राहिलेला माणूस. त्यांचे कान वरच्या मजल्यावर जातच नव्हते, आणि मी महिनाभर भांडणात त्यांना बहिरे म्हणत होते. ते पडद्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे तू वाचतेस त्यातलं किती मला ऐकूच येत नाही?"

इथे सांगायला हवं की प्रत्येक पुस्तक केंद्राकडे जाण्याआधी हे ऐकतात. सगळं. डोळे मिटून. आणि "छान झालंय" म्हणाले की मगच मी पाठवते. त्यांना आता कशाची भीती वाटत होती ते मला लख्ख कळलं.

मी त्यांचा हात धरला, त्यांनी जिथे हात खाली केला होता तिथे पडद्यावर त्यांचं बोट ठेवलं आणि माझं वाचन लावलं. पट्टे सरकायला लागले. सगळे त्यांच्या बोटाच्या खाली.

"ही तुमची हद्द," मी म्हणाले. "आणि ही मी. सगळी हद्दीच्या आत आहे."

"सगळी?"

"ओरडले तरी. 'स' आणि 'श'ची टोकं तेवढी वर डोकावतात. ती मनाने भरून घ्या, इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तर जमेल!"

ते हसले. माझा जीव भांड्यात पडला. पण हसणं ओठांवरच राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर शिडी लावलेली, आणि लिफ्टवाले काखेत घड्याळ घेऊन माळ्याकडे निघालेले. मी न सांगता.

"उतरा खाली," मी म्हणाले.

"अट म्हणजे अट. आवाज येतो, तर वर."

"मला ते घड्याळ हवंय!"

"आणि डास?" त्यांचं डोकं माळ्यात गेलं होतं, मला फक्त पाय दिसत होते. "घड्याळ हवं तर डास आलाच. मशीन आहे, आवाज करणारच."

माझं टाळकं सटकलं. "मशीन आवाज करतं म्हणून तुम्ही कधी लिफ्ट बंद ठेवलीत का? का लोकांना मोटारीच्या मांडीवर बसवून वर नेत होतात? मशीन वर आणि माणसं खाली, असंच होतं ना? मी अडकले होते तेव्हा मी कुठे होते आणि तुम्ही कुठे होतात?"

पाय थांबले.

 मग माळ्यातून आवाज आला, "अगं..."

"काय?"

"मशीन रूम!"

ते शिडीवरून ज्या वेगाने उतरले तो बघून मी शिडी धरायला धावले. माझ्या खोलीची एक भिंत त्यांच्या खोलीला लागून आहे. त्यांची खोली म्हणजे स्क्रू, वायरी, उघडी पडलेली यंत्रं आणि मध्ये एक खुर्ची. त्यांनी भिंतीला पेन्सिलीएवढं भोक पाडलं, त्यातून जाड कवचाची वायर ओढली आणि भोक पुट्टीने गच्च बुजवलं. आकडे माझ्या टेबलावर आले आणि सप्लाय भिंतीपलीकडे गेला.

"ट्रान्सफॉर्मर लावता की पट्टी?" मी विचारलं.

"ट्रान्सफॉर्मर? इथे? माझ्या शेजारी? तो घुमतो." त्यांनी नाक मुरडलं. "पट्टीच. एकदम शांत सप्लाय आहे तो."

आणि त्यांनी ती पट्टी एका डब्यात बंद करून आपल्याच टेबलाखाली, आपल्याच खुर्चीशेजारी बसवली. मग डावा हात खिशात घालून बटण दाबलं. मी त्या खोलीत पाऊल टाकलं आणि कानावर हात ठेवून उलट्या पावली बाहेर आले. लिफ्टवाले खुर्चीत रेलून, पाय लांब करून, तृप्त चेहऱ्याने बसले होते. साऱ्या घरात त्या डासाला शेजारी घेऊन सुखाने बसू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो आयता मिळाला होता. मला इतका आनंद झाला की मी जाऊन दोन कप चहा केला आणि त्यांचा कप उंबऱ्यावरूनच दिला.

माझ्या खोलीत दार लावून बसले. चीं नाही, घूं नाही. समोर नारिंगी आकडे. रजया पुन्हा सारख्या केल्या आणि वाचायला सुरुवात केली. गोष्ट एका चोराची होती. तो एका म्हाताऱ्याच्या घरात शिरतो, म्हातारा जागा होतो आणि त्यालाच आपला चष्मा शोधायला लावतो. चोर बिचारा सगळं घर उलथंपालथं करतो आणि चष्मा निघतो त्याच्या स्वतःच्या पिशवीत. मी तिथे पोचले आणि भिंतीपलीकडून दबका, गडगडता, पोटातून आलेला हसण्याचा आवाज आला. भिंतीतून डास येत नव्हता, पण माझा आवाज मात्र आरामात पलीकडे जात होता. खालच्या पट्टीतला होता ना! मी न थांबता वाचत राहिले. एवढ्या रजयांतून माइकला काय कळणार, असं वाटलं.

कानसेनांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला.

"ताई, डास गेला, अभिनंदन. पण आता तुमच्या भिंतीत कुणीतरी हसतंय."

"अगं बाई! कापून टाकते, ते पान पुन्हा वाचते."

"वाचा. पण कोण आहे ते? चष्मा सापडतो तिथे मीही अगदी तसाच हसलो होतो."

"माझे पहिले श्रोते आहेत," मी म्हणाले, आणि या वयात मला चक्क लाजायला झालं.

तो हसण्याचा तुकडा मी कापला, पण टाकला नाही. वेगळा ठेवून दिला. मग पुन्हा टेबलाशी बसले. आकडे सव्वातीन दाखवत होते. मी भिंतीवर टकटक केली.

"अहो लिफ्टवाले! आज हसायचं नाही हं."

"घाबरू नका, मी इकडे आहे," पलीकडून आवाज आला. "वाचा."

मी वाचू लागले. चोर घरात शिरला, म्हातारा उठला, घर उलथंपालथं झालं. चष्म्याची जागा जवळ आली. भिंतीपलीकडे चिडीचूप. इतकं चिडीचूप की मला ते डोळ्यांसमोर दिसायला लागले, तोंडावर हात दाबून, गाल फुगवून, मिशा थरथरवत खुर्चीत बसलेले. चोराने पिशवीत हात घातला आणि मी फुटले. पुस्तक टेबलावर पडलं, मी पोट धरून हसत होते आणि चोंबडा माइक सगळं टिपून घेत होता.

दार उघडलं. लिफ्टवाले दारात उभे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, खिशातला डावा हात बाहेर काढला आणि वर बोट दाखवलं.

"आवाज आला," ते म्हणाले. "चल, माळ्यावर."